टाळ्यांच्या भरात दिलेला राजीनामा

गेल्या हिवाळ्यात मी चालू नोकरीचा राजीनामा दिला, कारण एका कॅफेत बसलेल्या लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

लोक नोकऱ्या सोडतात. कुणाचा अपमान होतो, कुणाचं दुखणं बळावतं, कुणाला परदेशचा व्हिसा मिळतो. माझं यातलं काहीच झालं नव्हतं. आणि टाळ्या म्हणाल तर त्याही धड नव्हत्या. निम्म्या लोकांच्या एका हातात मोबाईल होता, त्यामुळं ते उरलेल्या हातानं मांडीवर थापट्या मारत होते. तान्ह्या मुलाला निजवताना मारतात तशा. मी मात्र त्या थापट्यांनी जागा झालो, आणि असा जागा झालो की पुढं कित्येक दिवस मला धड झोप लागली नाही.

आता पुन्हा तीच थंडी आली आहे. सकाळी गच्चीत गेलं की खांद्यावरची शाल ओलसर लागते. वारा कागलच्या बाजूचा असला तर साखर कारखान्याच्या मळीचा तो गोडूस, आंबूस वास इथं कोल्हापुरापर्यंत येतो. बाहेरगावचा पाहुणा नाकाला रुमाल लावून विचारतो, जवळपास काही कुजलंय का. आम्हाला त्या वासानं भूक लागते. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या आहेत. एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन, वर आभाळाला टेकलेला ऊस, ड्रायव्हरच्या डोक्यामागं कर्णा, आणि मागून येणाऱ्याला वाट द्यायची नाही हा पक्का निश्चय. लांब शेतात पाचट पेटवलेलं असतं. त्याचा धूर वर जात नाही, धुक्याच्या पोटाला चिकटून आडवाच पसरतो. रविवार असतो. चहा गरम असतो. माणसानं अजून काय मागावं?

अशा सकाळी मोबाईल वाजला. ऋतुराजचा मेसेज. "हॅलो फॅमिली! सीझन टू लोड होतोय! कोण कोण रेडी?" पुढं एक रॉकेट. मग आणखी एक रॉकेट, पहिलं उडालं नसेल तर म्हणून.

या फॅमिलीत मी अजून आहे. ग्रुप सोडला की 'यांनी ग्रुप सोडला' असं सगळ्यांना दिसतं, आणि आपण काहीतरी सोडल्याचं चारचौघांत जाहीर होणं, याची मला गेल्या हिवाळ्यापासून धास्तीच बसली आहे.

ग्रुपचं नाव 'गप्पा आणि ग्रोथ'. समाजमाध्यमं आणि काम यांत रस असणाऱ्या कुणालाही खुली असलेली, रविवार सकाळची अनौपचारिक भेट. अनौपचारिक म्हणजे खुर्च्या नव्हत्या. राजारामपुरीतल्या एका कॅफेच्या माळ्यावर धान्याच्या पोत्यांसारख्या गाद्या टाकलेल्या असत. त्यांत बसलं की गुडघे कानाशी येतात, आणि गुडघे कानाशी आलेल्या माणसाला कुणीही काहीही पटवून देऊ शकतं. भिंतीवर प्लास्टिकचा वेल होता. भर थंडीत एसी चालू असे. कॉफीवर दुधाचं पान काढलेलं येई. मग सगळे त्या पानाचे फोटो काढत, एकमेकांच्या पानांचे काढत, पान चांगलं दिसावं म्हणून कप खिडकीशी नेत, आणि शेवटी गार झालेली कॉफी पीत. कोल्हापुरात माणूस गार पदार्थापायी हॉटेलवाल्याशी भांडतो. इथं ते पैसे देऊन, हसत हसत चाललं होतं.

माणसंही निवडक होती. एक बाई वेळेचं नियोजन शिकवायच्या. त्या आल्या की कार्यक्रम निम्मा झाला असं आम्ही समजायचो. एकाच्या वडिलांचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. ग्रीसनं हात काळे होतात म्हणून हा दुकानात बसत नसे, दुकानाचं 'पेज' सांभाळत असे. दुकान वडील सांभाळायचे. आणखी एकाचा धंदा काय, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. तो प्रत्येकाला "तुमचा प्रवास प्रेरणादायी आहे" म्हणायचा. मी कागलच्या कंपनी बसमध्ये रोज उभ्यानं जावं लागतं असं सांगितलं, तेव्हाही त्यानं हेच सांगितलं.

आणि या सगळ्यांना हसणारा मी कोण? पहिल्या रांगेत, सर्वांत मोठ्या पोत्यात रुतून बसलेला मीच.

ओळख करून देण्याची त्यांची एक रीत होती. आपण काय करतो ते सांगायचं नाही. कुणी "मी विमा विकतो" म्हणालं की ऋतुराज हात वर करून थांबवायचा. "ते झालं व्हॉट. तुमचा व्हाय काय?" ऋतुराज पुण्याहून परतलेला, तिशीच्या आतला, दाढी कोरलेली, बोलताना डोळे मिटणारा. आमच्या पेठेत कुणी "काय करता?" विचारलं आणि समोरच्यानं डोळे मिटून कशासाठी करतो ते सांगितलं, तर लोक त्याला आधी बाकड्यावर बसवून पाणी पाजतील.

मी तेव्हा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, ट्रकांचे ब्रेक ड्रम बनवणाऱ्या एका कारखान्यात डिस्पॅच बघत होतो. माल ट्रकात चढवून घ्यायचा, कागद लावायचे, ट्रक गेटाबाहेर पडला की पार्टीला फोन करायचा. पंचतारांकित हे वसाहतीचं नाव. आमच्या कँटीनचा चहा प्यायलात तर तेवढे तारे दिसतात. पहिल्या रविवारी मी आपला "डिस्पॅच" म्हणालो. ऋतुराजनं डोळे मिटले.

"दादा, तुम्ही डिस्पॅच करत नाही. ब्रेक म्हणजे काय? जीव वाचवणं. तुम्ही जीव वाचवता."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एसीमुळं असेल. घरी येऊन हे मी बायकोला सांगितलं. वैशाली हायस्कुलात गणित शिकवते.

"जीव वाचवता होय?" ती म्हणाली. "मग येताना कोथिंबीर आणायची तेवढी का विसरलात?"

तिथून मी पोस्टी लिहायला लागलो. कंपनीची बस पहाटेच्या गारठ्यात शहर सोडायची. काचांवर दव धरलेलं, आत तंबाखू, खोबरेल आणि डब्यातल्या लसणाच्या चटणीचा एकत्र वास, बाहेर धुक्यात अर्धी बुडालेली उसाची शेतं. तोडणीवाल्यांच्या पालांसमोर चुली पेटलेल्या असत, आणि आपली गाडी पुढं गेली तरी ती लाल ठिणगी बराच वेळ डोळ्यांत राहत असे. इतकी वर्षं मी हे मफलरमधून नुसतं बघत आलो होतो. आता मी त्याला पाठ करून स्वतःचे फोटो काढू लागलो. त्या अख्ख्या हिवाळ्यातलं धुकं माझ्याकडं आहे, पण प्रत्येक ठिकाणी मध्ये माझं नाक आहे.

फोटोखाली 'सोमवारची प्रेरणा'. एकदा ब्रेक ड्रमचा फोटो टाकून वर लिहिलं, 'ओळखा, मी कोण?' भरपूर विचारमंथन होईल असं वाटलं होतं. एकट्या मेहुण्याचं उत्तर आलं, "ब्रेक ड्रम. दाजी, पैज कशाची हाय?" एकदा भरलेल्या ट्रकसमोर हाताची घडी घालून व्हिडिओ करत होतो. लोडिंगचा बंडू शिट्टी तोंडातून काढून म्हणाला, "सायेब, पोज झाली आसंल तर बाजूला व्हा की. ट्रक मागं घ्यायचाय, तुमी मधी गावशिला."

गुऱ्हाळावर रस उकळायला लागला की काहिलीत फेस चढतो. पिवळा, फुगीर, काठाशी येऊन थरथरणारा. नवख्या माणसाला वाटतं, केवढा गूळ होणार! जुना गुळव्या काही न बोलता झाऱ्यानं तो काढून बाजूला फेकतो. माळ्यावर आम्ही सगळे जमायचो ते काहिलीत वर आलेलेच. फक्त झारा घेऊन कुणी उभं नव्हतं, म्हणून एकमेकांना थोर दिसत होतो.

त्यांच्यात आणखी एक प्रकार होता, 'उडी'. दर रविवारी एकानं उभं राहून काहीतरी सोडायचं. कुणी साखर सोडली. वायंडिंगवाल्यानं वडिलांचं ऐकणं सोडलं, जे त्यानं कधी धरलंच नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा माझ्याजवळ सोडण्यासारखं एकच होतं.

"दादा, अजून किती वर्षं सेफ खेळणार?" ऋतुराजनं विचारलं. "कारखान्यांच्या गोष्टी जगाला कोण सांगणार? तुमच्यासारखा माणूस कन्सल्टंट पाहिजे!"

मला कुणीही कन्सल्ट केलं नव्हतं. घरी भाजीत मीठ किती हेसुद्धा कुणी विचारत नाही. पण माळ्यावर सगळे मोबाईल माझ्याकडं वळले होते, आणि मोबाईलच्या मागच्या त्या बारक्या काचांत एकदम माणूस मोठा दिसायला लागतो. राजीनामा ऋतुराजच्या मोबाईलनंच लिहून दिला. 'माझ्या अंतरीच्या हाकेला ओ देत…' अशी सुरुवात. आमच्या कारखान्यात शेजारच्याची हाक ऐकू येत नाही, अंतरीची कुठली! मी तो तिथंच, पोत्यात बसल्या बसल्या, कंपनीच्या मेलवर पाठवला. मग त्या टाळ्या.

स्कूटरवरून घरी येताना रंकाळ्याचा वारा शर्टात भरत होता. ऊन कोवळं होतं, पाण्यावर सोललेल्या उसासारखी पांढरट चमक होती. मला आयुष्यात प्रथमच आपण कुणाचे तरी नायक आहोत असं वाटलं. हे वाटणं घराच्या दारापर्यंत टिकलं.

"कुणाला विचारून?" वैशाली म्हणाली. कणकेचे हात तसेच.

"तिथं सगळ्यांनी टाळ्या…"

"त्यातलं कोण तुम्हाला कामावर घेणार आहे?"

"ते सगळे कामच शोधतायत."

"झकास." तिनं हात धुतले. "पोराची बारावी पुढ्यात, आणि बाप उड्या मारतोय. उद्या दूधवाल्याच्या दारात टाळ्या वाजवून बघते, दूध घालतोय का." मग नळ बंद करून हळू आवाजात, "आप्पांनी वाचलाय का तो?"

तेवढीच एक आशा होती. आप्पा म्हणजे आमचे मालक. कागलच्या बाजूचं लिंगायत घराणं, आधी अडत, मग शेती, मग हा कारखाना. घरी आईशी कानडी, शॉपमध्ये म्हणजे कारखान्यात मराठी, आणि चिडले की नुसती मान हलवायची. आप्पा मेल उघडत नाहीत. अकाउंट्सच्या सुजाता मॅडम महत्त्वाचे मेल छापून त्यांच्या टेबलावर ठेवतात, आणि आप्पा तो कागद हातभर लांब धरून वाचतात. सोमवारी बसमधून उतरल्या उतरल्या मी मॅडमकडं धावलो.

"कुठला मेल?" मॅडमनी चष्मा वर केला. "एक आलाय तुमच्या नावानं. पण त्यात अंतरीची हाक वगैरे होतं, मला वाटलं कुठल्या तरी महाराजांच्या वर्गणीचं आहे. मी पुसून टाकला. का हो, काही कामाचं होतं?"

"छे, छे! वर्गणीचंच," मी म्हणालो. मॅडमच्या पाया पडायचा राहिलो इतकंच.

विषय इथं संपायला हवा होता. पण ऋतुराजनं माझ्या उडीचा व्हिडिओ मागं ढोलकी लावून टाकला होता. माळ्यावरच्या मंडळींनी तो सवयीप्रमाणं न बघताच लाईक केला. शेवटपर्यंत बघणारा, आणि बघून खरं मानणारा, सबंध शहरात एकच निघाला: माझा बालमित्र दत्ता. दत्ताचं पेठेत चिकनचं दुकान आहे. त्याला प्रेम व्यक्त करायची एकच पद्धत येते. तो फ्लेक्स लावतो.

गुरुवारी संध्याकाळी मी चौकात आलो आणि वर बघतो तर मीच. माझ्या लग्नातला फोटो, त्यावर काळा गॉगल चढवलेला, मागं डरकाळी फोडणारा वाघ. 'नोकरीला लाथ मारून स्वतःच्या पायावर उभे राहिलेले, पेठेची शान, युवा उद्योजक सुनीलदादा यांना नव्या वाटचालीस कोटी कोटी शुभेच्छा!' एकाच वाक्यात लाथही मारायची आणि पायावर उभंही राहायचं. युवा तर मी पोरगं झालं तेव्हाच संपलो होतो. खाली शुभेच्छुकांच्या रांगा, त्यात दत्ताचा फोटो माझ्याहून मोठा.

"दत्त्या, हे काय केलंस?"

"काय मर्दा, डोळ्यांत पाणी आलं न्हवं?" तो सुरी पुसत हसला. "रातभर झोपलो न्हाय बघ. म्हटलं, आपला सुन्या नोकरी सोडतोय आन् चौकात बोर्ड न्हाय? लोक काय म्हणतील?"

"अरे, सोडली नाही मी नोकरी!"

"आँ? व्हिडिओत तर सोडलीस की."

"ते तसं… मागं घेतली. तू आधी तो काढ."

दत्ताचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. "काढतो की," तो म्हणाला. "पर शिडीवाला सकाळी येतोय."

आमच्या चौकात संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहतात. गवळी गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ ग्लास हातात देतो. थंडीच्या दिवसांत ग्लासाची वाफ आणि म्हशीच्या नाकपुड्यांतली वाफ यात फरक करता येत नाही. तिथं उबदार, शेणकट, गोड असा एक वास असतो, आणि दूध पिणाऱ्या प्रत्येकाला पांढरी मिशी फुटलेली असते. मी दत्ताच्या दुकानातून वळलो तर फ्लेक्सच्या बरोबर खाली, ग्लास हातात धरून, पांढरी मिशी लावून आप्पा उभे. गुरुवारी बँकेच्या कामाला शहरात आले की ते दूध पिऊन जातात, हे मला माहीत होतं. दत्ताला नव्हतं. त्याचा काय दोष?

आप्पा मान मागं टाकून, लांबचं वाचायला सोपं जातं त्या खुशीत, मोठ्यानं वाचत होते. "नोकरीला… लाथ… मारून…"

मी एका म्हशीच्या आड झालो. म्हशीला ते रुचलं नाही. ती पुढं सरकली, मीही सरकलो.

गवळ्यानं विचारलं, "का वो पावणं, वळखीचा हाय का त्यो?"

आप्पांनी बाहीनं मिशी पुसली. "व्हता," म्हणाले, आणि आणखी एक ग्लास मागितला.

त्या 'व्हता'नंतरचा शुक्रवार मला आजही अंगावर येतो. शॉपमध्ये सगळं नेहमीसारखं होतं. ओतकामाच्या वाळूचा उष्ण करपट वास, ड्रम एकमेकांवर ठेवताना होणारा घंटेसारखा आवाज, ट्रॉल्यांनी रस्ता अडवल्यामुळं खोळंबलेले ट्रक. आप्पा दोनदा शेजारून गेले आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मान मात्र हलली. मी हिशेब मांडत होतो: या वयात दुसरीकडं कोण घेईल, पोराला काय सांगायचं, वैशाली बोलेल ते ठीक, पण बोलली नाही तर?

जेवणाच्या सुट्टीत ऋतुराजला फोन लावला. कुठं काही काम असेल तर बघ म्हणालो. झालं ते सगळं सांगितलं.

"दादा, हे तर गोल्ड आहे!" तो ओरडला. "या रविवारी फेल्युअर सेशन ठेवू. तुम्ही मेन स्पीकर. रडलात तरी चालेल. रडलात तर उत्तमच."

"ऋतुराज, मला काम पाहिजे."

त्यानं आवाज एकदम खाली आणला. मागं कुठंतरी हवेचा पंप फुसफुसला. "दादा," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचे डोळे उघडे असावेत असं वाटलं, "मलाच कुठं आहे? मी बाबांच्या टायरच्या दुकानात बसतो. ग्रुपवर बोलू नका."

त्याचा राग धरायचं मी ठरवलं होतं, तेही धड जमलं नाही. मोठमोठ्या शब्दांच्या त्या पोत्यांत बसून आम्ही सगळे एकच गोष्ट मागायला जात होतो. ट्रक वेळेवर गेला तर कारखान्यात कुणी काही बोलत नाही, उशिरा गेला तर सगळे बोलतात. वर्षानुवर्षं गेटाबाहेर पडणाऱ्या ट्रकचा मागचा लाल दिवा बघत राहिलेल्या माणसाला कधीतरी वाटतं, आपण नसतो तर हे चाललं असतं का, हे कुणी सांगावं. घरी विचारायची सोय नाही. मालकाला विचारायची हिंमत नाही. मग माणूस रविवारी सकाळी अनोळखी लोकांच्या माळ्यावर चढतो. तिथं न विचारता सांगतात, आणि खोटं सांगतात.

शनिवारी बंडू निरोप घेऊन आला. "आप्पांनी बोलिवलंय. लगीच."

केबिनमध्ये आप्पा खिडकीशी उभे होते. मी बसमध्ये पाठ केलेलं सगळं एका दमात म्हटलं. आप्पा, माझं चुकलं. लोकांच्या नादाला लागलो. तो फलक मी लावलेला नाही, काल सकाळीच उतरवलाय. पोराची बारावी आहे. मला राहू द्या.

"गॉगल कुणाचा त्यो?" आप्पांनी विचारलं.

"कॉम्प्युटरवर लावलाय, आप्पा."

"हां." ते खुर्चीत बसले. "तू चाललास म्हटल्यावर मी काल खाली जाऊन इचारून आलो. ह्याच्या जाग्याला कोण बघायचा, म्हटलं. बंडूला इचारलं, मॅडमला इचारलं, गेटवरच्याला इचारलं."

मी टेबलाजवळ सरकलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी, कुणाला, माझ्याबद्दल काही विचारलं होतं.

"काय म्हणाले सगळे?"

"काय म्हणणार? सगळी एकच म्हणत्यात, हा गेला तर काय अडत न्हाय." आप्पा तांब्यातलं घोटभर पाणी प्याले. "मग म्हटलं, ऱ्हायला तर तरी काय अडणार हाय? जा, बस जाग्यावर."